वाजवणाऱ्याचं नाव

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘ऐकणं’ हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला जॅझ आला. जॅझच्या गाजलेल्या मैफली कशा ऐकाव्यात, त्या मैफली ज्यांनी उभ्या केल्या ते वादक कोण, हे लिहायचं होतं. ध्वनिमुद्रिका मी बरीच वर्षं ऐकतो आहे. पण फुंकून वाजवायच्या वाद्यांचं संगीत समजून घ्यायचं तर ती वाद्यं रोज ओठाला लावणाऱ्यांजवळ बसायला हवं, असं मला वाटत होतं. ट्रम्पेट, क्लॅरनेट, सॅक्सोफोन यांवर पोट असलेली माणसं आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये भेटतात. म्हणून मे महिन्यात शेगावला रेल्वेतून उतरलो आणि वरवट बकालवरून संग्रामपूरला गेलो.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत

संग्रामपूर हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. वर सातपुडा आणि अंबाबरवाचं जंगल, खाली पूर्णेकडे उतरत जाणारा खारपाणपट्टा. मे महिन्यात इथली काळी जमीन भेगाळून पडलेली असते. शेतात काम नसतं आणि नेमक्या याच दिवसांत बँडवाल्यांना उसंत नसते. एरवी कपाशी वेचणारे, फवारणी करणारे, रंगकाम करणारे हात तिथी सुरू झाली की पितळी कळांवर येतात. रखरखीत उन्हात लाल कोट, त्यावर सोनेरी कशिदा, डोक्याला टोपी. कोट सुती नसतो, त्यामुळे आत माणूस अक्षरशः उकडून निघतो.

ज्या पार्टीबरोबर मी राहिलो तिचे मास्टर साठीच्या पुढचे. वाद्य क्लॅरनेट. त्यांच्या मागे दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, खालचे सूर धरणारं युफोनियम, साइड ड्रम, ढोल, झांज. आता चाकांची एक गाडीही असते. तिच्यावर कर्णे, जनरेटर आणि कॅसिओ. पितळी वाद्यं बहुतेक मेरठची. तिथल्या जली कोठी भागात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि नादिर अली अँड कंपनी तर १८८५ पासूनची. मास्टरांचं क्लॅरनेट त्यांच्या वडिलांकडून आलेलं, दोन कळांना रबर बांधलेलं. नवी पत्ती चढवली की ते ती आधी बराच वेळ तोंडात भिजत ठेवतात आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नाहीत.

नवरदेव मारुतीच्या देवळातून निघतो आणि मांडवाशी येतो. दहा मिनिटांचं अंतर, त्याला तास-दीड तास लागतो. त्या तासात बँड नक्की काय करतो, हे मी प्रथमच नीट पाहिलं. क्लॅरनेट मुखडा घेतं, ट्रम्पेट त्याला जबाब देतात, मधल्या मोकळ्या जागा सॅक्सोफोन भरून काढतो. गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण त्याची लांबी कुणालाच माहीत नसते. मास्टर वाजवताना नाचणाऱ्या पोरांच्या पायांकडे पाहत असतात. पाय जमिनीवर रेंगाळले की ते पुढच्या गाण्याकडे वळतात. पाय उचलले गेले की अंतऱ्याची शेवटची ओळ धरून ठेवतात, तीच ओळ वेगळ्या वळणाने घेतात, वरच्या सप्तकात नेऊन परत आणतात आणि साइड ड्रमवाल्याकडे मानेने खूण करतात. एका ठिकाणी त्यांनी एकच ओळ इतकी फिरवली की नाचणारे थांबून त्यांच्याकडे बघायला लागले.

मूळ गाण्यात हे काहीच नव्हतं. ते तिथे, त्या वळणावर, त्या पोरांमुळे तयार झालं आणि मांडव आला तसं संपलं. जॅझच्या मैफलीत ऐकायचं असतं ते हेच.

कापसाच्या वाटेवर

वऱ्हाडचा आणि जॅझचा संबंध कापसापासून जोडता येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक कापसाच्या शेतांत राबत होते. काम करताना एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची, अशी त्यांची गाणी होती. पुढे त्यातून ब्लूज आला, आणि ब्लूज हा जॅझचा एक पाया. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो जलंब-खामगाव हा फाटा सुरू करायला, तोही कापसासाठीच.

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली, कारण कापूस इथे होता. त्याच जमशेटजींनी मुंबईत ताजमहाल हॉटेल बांधलं, ते १९०३ मध्ये उघडलं. आणि १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन याच ताजमध्ये वाजवायला आला. कापूस वेचणाऱ्यांच्या वंशजांचं संगीत आणि कापसाच्या व्यापाराने वर आलेलं शहर यांची ही गाठ. संग्रामपूरच्या भेगाळलेल्या रानात उभं राहून मला ही साखळी फार जवळची वाटली.

वाद्यांचा उगमही सारखाच. लष्करी बँड ही युरोपची देणगी. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांनी ती वाद्यं घेतली आणि मिरवणुकीत, अंत्ययात्रेत वाजवली. स्मशानाकडे जाताना संथ, दुःखाची धून आणि परतताना नाचायला लावणारी, ही त्या शहराची रीत. आपल्याकडे ब्रिटिश पलटणींचे बँड पाहून संस्थानिकांनी आपले बँड उभे केले आणि तिथून ही वाद्यं वरातीत उतरली. ती वाजवायला आले ते बहुतेक असे लोक, ज्यांच्याकडे गावगाड्याने वाजवण्याचं काम पूर्वीच लावून दिलं होतं. डफडं आणि सनई वाजवणाऱ्या मातंग घरांतली मुलं कित्येक गावांत बँडमध्ये गेली, काही ठिकाणी मुसलमान घरांतली. यांच्या वाजवण्याशिवाय शुभकार्य पुरं होत नसे, आणि त्यांची पंगत मात्र शेवटी. तिकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जॅझ-पियानोवादक ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून ज्या क्लबात वाजवत होता तिथे मंचावर कृष्णवर्णीय आणि समोर फक्त गोरे गिऱ्हाईक, असा नियम होता. त्या क्लबाचं नाव कॉटन क्लब.

सत्तावीस फेरे

दुपारी पार्टी पत्र्याच्या शेडमध्ये विसाव्याला असते. वाद्यं खिळ्यांना टांगलेली, कोट दोरीवर. तिथे मी त्यांच्याच गाडीच्या कर्ण्यातून १९५६ सालचं एक ध्वनिमुद्रण लावलं.

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं श्रीमंत गाव. तिथल्या जॅझ महोत्सवात ७ जुलैच्या रात्री ड्यूक एलिंग्टनचा ताफा शेवटी बसला. एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचा. त्याचे दिवस सरले, असं बोललं जात होतं. मोठे ताफे परवडत नव्हते, तरुणांना दुसरं संगीत हवं होतं. रात्र बरीच झालेली, काही श्रोते उठून निघालेले. एलिंग्टनने १९३७ मध्ये लिहिलेली एक जोडरचना काढली. तिच्या दोन भागांमध्ये टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस याने एकट्याने वाजवायचं आणि त्याला वाटेल तितकं वाजवायचं, असं ठरलं.

गोन्साल्विस उठला आणि बारा घरांच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांच्या, ब्लूजचे फेरे घेऊ लागला. पाच, सात, दहा. मंचाच्या कडेला काऊंट बेसीच्या ताफ्यातला जुना ड्रमवादक जो जोन्स बसला होता. तो हातातलं गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून ठेका द्यायला लागला. पुढच्या रांगांमधून एक बाई उठून नाचायला लागल्या. त्यांना पाहून आणखी लोक उठले. निघालेले परत फिरले. एलिंग्टन पियानोवरून ओरडून गोन्साल्विसला पुढे ढकलत होता. सॅम वुडयार्डचे ड्रम आणि जिमी वुडचा बास जागचे हलत नव्हते. सगळा आरडाओरडा त्या दोघांच्या खांद्यावर तोलला होता. २७ फेरे झाले तेव्हा गोन्साल्विस बसला. त्या ध्वनिमुद्रिकेने एलिंग्टनला दुसरा जन्म दिला. त्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रिकांत ती सर्वाधिक खपली.

शेडमध्ये सुरुवातीला गप्पा चालू होत्या. सहाव्या-सातव्या फेऱ्याला साइड ड्रमवाल्या पोराने बसल्या जागी मांडीवर काठी धरली. सॅक्सोफोनवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो दमाचा: “भाऊ, हा मानूस दम कवा घेते?” हा प्रश्न फुंकणाराच विचारू शकतो. आम्ही तेवढा भाग पुन्हा लावला आणि श्वास शोधला. गोन्साल्विस वाक्य संपवतो तिथे न थांबता पुढच्या वाक्याचे दोन सूर घेऊन मग श्वास घेतो, त्यामुळे ओळ तुटल्यासारखी वाटत नाही. मी हे ध्वनिमुद्रण कितीदा तरी ऐकलं होतं आणि हे कधीच माझ्या कानांवर आलं नव्हतं.

मास्टरांनी नाव विचारलं. गोन्साल्विस म्हटल्यावर ते म्हणाले, “मंग गोव्याचा असन.” गोव्याचा नव्हे, आई-वडील केप व्हर्डीचे, म्हणजे आफ्रिकेजवळच्या, तेव्हा पोर्तुगीज असलेल्या बेटांवरचे. नाव पोर्तुगिजांनी दोन्हीकडे दिलं. हाच गोन्साल्विस १९६३ मध्ये एलिंग्टनच्या ताफ्याबरोबर हिंदुस्थानात येऊन गेला. अमेरिकी सरकारने काढलेला तो दौरा होता. मे १९७४ मध्ये तो लंडनला वारला आणि त्याच महिन्यात, काही दिवसांनी, एलिंग्टनही.

या ध्वनिमुद्रणात एक गंमत आहे. गोन्साल्विस त्या रात्री चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. कोलंबिया कंपनीचा मायक्रोफोन बाजूला राहिला आणि त्याचा आवाज ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या मायक्रोफोनमध्ये गेला. त्यामुळे कंपनीच्या तबकडीत तो दूरवरून वाजवल्यासारखा ऐकू येतो. शिवाय कंपनीने काही भाग नंतर स्टुडिओत वाजवून घेऊन वर टाळ्या जोडल्या. नभोवाणीची फीत पुढे सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही जोडून खरी रात्र लोकांसमोर आली. ऐकायची तर हीच आवृत्ती ऐकावी.

बारा घरं, अठ्ठेचाळीस मात्रा

ख्याल ऐकलेल्या माणसाला जॅझ कळायला फारसं अडत नाही. एक आवर्तन असतं, ते फिरत राहतं, आणि वादक प्रत्येक फेऱ्यात नवं काही मांडतो. ब्लूजचं आवर्तन बारा घरांचं, प्रत्येक घरात चार मात्रा. म्हणजे ४८. विलंबित एकतालात बारा मात्रांची चार-चार तुकड्यांत फोड करतात, तीही ४८ भरते. हिशेबापुरताच हा योग आहे, पण फेरा मोजायला शिकताना मला त्याचा फार उपयोग झाला.

फरक आहे तो आधाराचा. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही. ब्लूजमध्ये पाचव्या घरात आधार मध्यमावर जातो, नवव्यात पंचमावर आणि मग घरी येतो. वादकाला त्या सरकत्या जमिनीवर उभं राहून बोलायचं असतं. बासवाला प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत ही जमीन दाखवत चालतो. म्हणून नवख्याने एकदा फक्त बास ऐकावा. सगळं लक्ष खाली ठेवावं. एक-दोन फेऱ्यांत आधार कुठे सरकतो ते कळायला लागतं आणि मग वरचा वादक कुठे त्याच्याशी जुळवून घेतो, कुठे मुद्दाम अडून बसतो, तेही ऐकू येतं.

दुसरी गोष्ट टाळीची. आपली टाळी पहिल्या मात्रेवर पडते. जॅझची दुसरीवर आणि चौथीवर. शेडमधल्या पोरांनी हे आपसूक पकडलं. मला मात्र ते अंगात मुरायला काळ गेला होता. तिसरी गोष्ट सवाल-जबाबाची. मैफल रंगात आली की वादक आणि ड्रमवादक चार-चार घरं वाटून घेतात. चार घरं सॅक्सोफोन बोलतो, चार घरं ड्रम. तबला-सतारीच्या मैफलीत आपण ज्याची वाट पाहतो तेच.

मग प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणं घ्यावीत. सुरुवातीला मी एला फिट्झजेराल्डची बर्लिनची मैफल सुचवीन, १३ फेब्रुवारी १९६० ची. ‘मॅक द नाइफ’ हे गाणं गाताना ती पुढचे शब्द विसरली. थांबली नाही. शब्द विसरल्याचंच गाणं तिने लयीत बांधलं, आणि शेवटपर्यंत नेलं. शब्द हरवले, पण फेरा एकदाही हरवला नाही. तिला त्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं.

दुसरी, बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ ला, रविवारी, ती मुद्रित झाली. पियानो, बास, ड्रम. मागे ग्लासांची किणकिण, लोकांचं हलकं बोलणं ऐकू येतं. ते बोलणारे लोक काय ऐकत होते, याची त्यांना कल्पना नव्हती. बासवादक स्कॉट लाफारो पंचवीस वर्षांचा होता. तो साथ करायला बसलेला नाही, पियानोच्या बरोबरीने बोलतो. एव्हान्स त्याच्यासाठी जागा मोकळी सोडतो. अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पुढे कित्येक महिने एव्हान्स लोकांसमोर आला नाही.

आणि तिसरं उदाहरण मी शेडमध्ये सांगितलं, कारण तिथे ते लगेच कळणार होतं. १५ मे १९५३ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. त्याच्याबरोबर डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच, म्हणजे त्या पिढीचे पहिले पाच. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा मोठा सामना होता, म्हणून सभागृह भरलं नाही. पण प्लॅस्टिकच्या त्या वाद्यातून निघालेलं वादन आजही शिकवलं जातं. मास्टरांनी आपल्या रबर बांधलेल्या क्लॅरनेटकडे पाहिलं आणि ते लावायला सांगितलं.

ताजमधून स्टुडिओत

संध्याकाळी देवळाच्या त्याच रस्त्यावर पार्टी ‘बहारों फूल बरसाओ’ वाजवत होती. हे गाणं १९६६ च्या ‘सूरज’ सिनेमाचं, संगीत शंकर-जयकिशन यांचं. वऱ्हाडात या गाण्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. पण शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना कोण करत होता? सेबॅस्टियन डिसूझा, गोव्याचा माणूस. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्याचा स्वतःचा नाचाचा ताफा होता. फाळणीनंतर तो मुंबईला आला आणि सिनेमाच्या संगीतात स्थिरावला. संगीतकार चाल गुणगुणायचे. कोणत्या वाद्याने कुठे काय बोलायचं हे सेबॅस्टियन पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढायचा.

ही विद्या गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून आली. तिथे मुलांना स्वर वाचायला आणि व्हायोलिन धरायला लहानपणी शिकवत. प्रार्थनेच्या संगीतासाठी दिलेलं हे शिक्षण घेऊन मुलं मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत गेली. ताजमध्ये ॲबीनंतर कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांचे ताफे वाजले. त्यांच्या शेजारी बसून कुडचड्याचा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड शिकला. वेदरफोर्ड परत गेलाच नाही; १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. मिकी कुरैयाचा ताफा १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता. आणि हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, ट्रम्पेटवादक, चिक चॉकलेट या नावाने गाजला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

१९५० च्या सुमारास मुंबई इलाख्यात दारूबंदी कडक झाली. रात्रीचे क्लब ओस पडले, ताफ्यांचं काम गेलं आणि हे वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊ लागले. तिथे त्यांची गाठ आपल्या रामचंद्र चितळकरांशी पडली. सी. रामचंद्र जन्माने पुणतांब्याचे. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. कान इतके मोकळे की जे जे आवडलं ते त्यांनी बेधडक चालीत आणलं. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’ची झिंग आहे ती या जोडीची. त्या सिनेमातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्याचे वादक झालरींचे सदरे घालून पडद्यावरही आहेत. भगवानदादांचा नाच पाहताना आपलं त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

त्यांची नावंही आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार. वाद्यरचना करणाऱ्याचं नाव क्वचित, आणि ट्रम्पेट कुणी फुंकला हे तर नाहीच. अख्ख्या देशाने ज्यांचे सूर पाठ केले त्या माणसांना रोजाचे पैसे मिळाले आणि ती घरी गेली. ‘गाता रहे मेरा दिल’मधला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, हे किती घरांत माहीत आहे? संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात गुंफलं, म्हणून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस निदान नावाने तरी घरोघर पोहोचले. बाकीच्यांना असा शिष्य मिळाला नाही.

जॅझ मला मोठा वाटतो तो इथे. तिथे चाल कुणाची याला दुय्यम जागा आहे. एकट्याने वाजवून झालं की लगेच, रचना चालू असतानाच, त्या वादकाला टाळी मिळते. ताफ्याचा प्रमुख मंचावरून एकेकाचं नाव घेतो. मुद्रिकेवर बासवाल्याचंही नाव असतं आणि ऐकणारे ते वाचतात. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मालकाने दिलेल्या नावाने जगावं लागलं, त्याने उभ्या केलेल्या संगीताने नावाला इतका मान द्यावा, हे मला फार खोलवरचं वाटतं.

रंगभवन, आणि शोभाताईंचा मुलगा

मुंबईत निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. जागा धोबीतलावाजवळचं रंगभवन, उघडं नाट्यगृह. पहिल्याच वर्षी टेनर सॅक्सोफोनचा थोर वादक सनी रोलिन्स तिथे वाजला. मुंबई त्याला नवी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात राहून गेला होता. त्याहीआधी, १९५९ पासून दोन-अडीच वर्षं, त्याने लोकांसमोर वाजवणंच बंद केलं होतं. तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत असे, कारण घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास होई. संग्रामपूरचा सॅक्सोफोनवाला गावाबाहेर, एका पडक्या विहिरीजवळ जाऊन वाजवतो, कारण तेच.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडलं. इस्पितळं जवळ आहेत, नियम योग्यच. पण त्या आकाशाखाली गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर रागांची वळणं घेऊन जात, लुई बँक्स पियानोवर असत, ती जागा गेली. आता एनसीपीएमध्ये जॅझचा वार्षिक महोत्सव भरतो, बंद सभागृहात.

मराठी कानांनी आवर्जून ऐकावा असा एक वादक या मालिकेत येतो, त्रिलोक गुर्टू. ठुमरी-दादऱ्याच्या सम्राज्ञी, बेळगावच्या शोभा गुर्टू, यांचा मुलगा. तबला घरातून आलेला, पुढे ड्रमही स्वतःच्या पद्धतीने मांडलेले. मध्येच तो पाण्याच्या बादलीत झांज बुडवतो आणि सूर वाकवतो. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिनबरोबरची त्याची मैफल मुद्रित झाली आहे. त्यात तोंडाने बोल म्हणत तो जे करतो ते ऐकताना सभागृह हसतं, थांबतं, मग ओरडतं. त्याआधीच्या ‘उस्फ्रेट’ या त्याच्या मुद्रिकेत खुद्द शोभाताई गायल्या आहेत. जॅझच्या ताफ्यात आईचा आवाज तसाच ठेवलाय, तिच्या हरकतींसकट.

पत्रिकेतली ओळ

डीजेमुळे बँडचं काम कमी झालं आहे. एका माणसाला दिलेल्या पैशात भिंती हादरतात, तर वीस जणांना का बोलवावं, असा हिशेब यजमान करतात. इसार आधीसारखा महिनोन्‌महिने आधी येत नाही. नवी मुलं क्लॅरनेट शिकायला तयार नाहीत. दम लागतो, वर्षं लागतात. ट्रम्पेट वाजवणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याला मास्टरांनी न्यूपोर्ट ऐकल्यावर दुसऱ्या दिवशीच्या वरातीत एक ओळ एकट्याने दिली. सगळ्यांनी हात खाली घेतले, फक्त साइड ड्रम चालू. तो पहिल्या फेऱ्यात बावरला, चाल जशीच्या तशी वाजवली. दुसऱ्यात एक सूर लांबवला. तिसऱ्यात खाली उतरून वेगळ्या रस्त्याने वर आला. नवरदेवाच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. पोरगं घामाने निथळत होतं, तरी मास्टरांनी त्याला चौथा फेरा घ्यायला लावला.

निघण्याआधी मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांची नावं अंकात छापतो. मास्टरांनी नको म्हटलं. अंकात नाव येऊन इसार मिळत नाही, म्हणाले. नाव छापायचं तर लग्नाच्या पत्रिकेत छापा. ते बरोबर होतं. वऱ्हाडातल्या पत्रिकेवर काका, मामा, आत्या, मावशा, भाचे, व्यवस्थापक, सगळे असतात. लहान मुलांच्या नावाने लाडिक आमंत्रणही असतं. बँडचं नाव असलंच तर मालकाचं. ढोलावरही तेच रंगवलेलं. मास्टरांनी वहीत एक मजकूर लिहून ठेवला होता, तो मला वाचून दाखवला: क्लॅरनेट कोण, ट्रम्पेट कोण कोण, सॅक्सोफोन, युफोनियम, साइड, ढोल, झांज. ओळ तेवढीच, वाद्य आणि पुढे माणूस. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींसाठी जे इसार द्यायला येतील त्यांना ही ओळ छापायला सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. छपाईचा खर्च तेवढाच येतो, हेही ते वरवटच्या छापखान्यात विचारून आले होते. ट्रम्पेटवाल्या पोराने आपलं नाव खालच्या ओळीत का, म्हणून हुज्जत घातली, आणि मास्टरांनी ते खोडून वर लिहिलं.